पवित्राच्या हातचं कुंकू

बेंगळुरूत नगरसेवक नसल्याला इतकी वर्षं झाली होती, की राजाजीनगरातल्या शाळकरी पोरांना तो पूर्वी होऊन गेलेला एखादा प्राणी वाटत असावा. जुन्या महापालिकेची मुदत संपली, निवडणुका आज होतील उद्या होतील म्हणत कोर्टकचेऱ्या चालू राहिल्या, आणि नळाला पाणी आलं नाही तर सांगायचं कुणाला, हा प्रश्न तेवढा लोकांच्या वाट्याला आला. एका वॉर्डात मात्र त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. तिसऱ्या मजल्यावर जा आणि अक्काला सांगा.

अक्का म्हणजे अनुसूया. वय पन्नाशीच्या पुढे, विमा कंपनीतली नोकरी मुदतीआधीच सोडलेली, नवरा पद्मनाभ जाऊन बरीच वर्षं झालेली. घराणं मराठी. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलो आणि परत जायचं विसरलो, असं पाहुण्यांना हसत सांगायची त्यांच्यात पद्धत होती. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. इमारतीत खाली भाड्याने दिलेलं औषधाचं दुकान, दुसऱ्या मजल्यावर धाकटा दीर रघुनंदन आणि त्याची बायको पवित्रा, आणि त्यांच्या वर अक्का.

तुंबलेलं गटार, बंद पडलेले दिवे, आठवडाभर न फिरकलेली कचऱ्याची गाडी, सगळ्यांसाठी अक्का स्कूटर काढायची. मागे पवित्रा बसायची, मांडीवर कागदांची पिशवी धरून. पलीकडच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या श्यामलाच्या सासूला सरकारी दवाखान्यात खाट मिळत नव्हती, तेव्हा अक्का सकाळपासून तिथल्या बाकावर बसून राहिली आणि खाट घेऊनच उठली. तिला कुणी नेमलेलं नव्हतं, आणि ती थांबली असती तर कुणी जाब विचारला नसता. पण काही माणसांना दुसऱ्याच्या दारातलं तुंबलेलं पाणीही बघवत नाही, त्याला इलाज नसतो.

फक्त एक गोष्ट तिला फार लागायची. वॉर्डाचा इंजिनियर सभ्य माणूस होता. सगळं ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि शेवटी कन्नडमध्ये विचारायचा, "मॅडम, तुम्ही म्हणता ते खरं, पण तुम्ही कोण?" विचारण्यात त्याचं काही चुकत नव्हतं, आणि दुखणं तेच होतं. ज्या माणसाला तो हा प्रश्न विचारू शकत नाही, असा माणूस कायद्याने एकच, निवडून आलेला. अक्काला खुर्चीचा सोस नव्हता, गाडीचा तर नव्हताच. त्या एका प्रश्नाला उत्तर असावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते तिला मनापासून हवं होतं.

मग नवा कायदा आला. एका महापालिकेच्या पाच झाल्या, वॉर्डांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि जवळजवळ निम्मे वॉर्ड बायकांसाठी राखीव ठरले. रघुनंदनने पक्षाच्या सतरंज्या उचलण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. पांढऱ्या शर्टांचा एक कप्पाच त्याने तयार ठेवला होता. आरक्षण जाहीर झालं आणि त्यांचा वॉर्ड निघाला महिलांसाठी राखीव. त्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर चूल पेटली नाही म्हटलं तरी चालेल. पवित्राने हॉटेलातून इडल्या आणल्या आणि त्याही तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघुनंदन वर आला. खुर्चीत नीट बसला, हवापाण्याचं बोलला, गुडघेदुखीची चौकशी केली. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची त्याची सवय अक्काला माहीत होती. तिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि वाट बघितली. शेवटी तो म्हणाला, की वहिनी, आता घरातून तुम्हीच. वॉर्डात तुमच्यावाचून आहे कोण? मी पक्षात बोलतो, तुम्ही फक्त लोकांना भेटायला लागा.

अक्काने त्याचा रिकामा कप उचलला. तो गेल्यावर मात्र न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडली. आनंदाने रडायची तिला सवय राहिली नव्हती, त्यामुळे ते जरा लांबलंच.

लोकांना भेटायला मुहूर्तही आयता चालून आला होता. संक्रांत जवळ होती. बेंगळुरूत संक्रांतीला बायका घरोघरी एळ्ळु-बेल्ल वाटतात, म्हणजे तीळ, गुळाचे खडे, खोबऱ्याचे काप, दाणे आणि डाळं एकत्र करून. ते खाऊन चांगलं बोला म्हणायचं, आपल्या तिळगुळासारखंच. त्याबरोबर हळदीकुंकू आलंच. अक्काच्या घरी हे रथसप्तमीपर्यंत चालायचं, आणि कुठल्याही सभेपेक्षा हे बरं होतं. सभेला बाई मागे बसते. हळदीकुंकवाला ती स्वतःच्या घरात, पंख्याखाली बसून निवांत बोलते.

अडचण एकच होती. पद्मनाभ गेल्यावर अक्काने कुणाला कुंकू लावणं सोडलं होतं. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. तो गेला त्या वर्षी एका ओळखीच्या घरी तिने सवयीने करंडा हातात घेतला आणि समोरच्या बाईने कपाळ जरासं मागे घेतलं. लगेच पुढेही केलं बिचारीने, पण अक्काने करंडा खाली ठेवला तो ठेवलाच. इंजिनियरशी दोन तास भांडणारी बाई त्या बोटभर अंतराला भ्यायची.

हे पवित्राला न सांगता कळलं. तीच वर येऊन म्हणाली, "अक्का, कुंकू मी लावीन. तुम्ही बोला."

अक्काला भरून आलं. धारवाडहून लग्न होऊन आली तेव्हा ही मुलगी पोस्टमनसमोर उभी राहायला लाजायची. बँकेत कसं बोलायचं, अर्ज कसा करायचा, स्कूटर कशी चालवायची, सगळं अक्काने शिकवलं. पोटची मुलगी असती तर तिलाही इतकं अचूक कळलं नसतं, असं अक्काला वाटलं आणि तिने ते पवित्राला बोलूनही दाखवलं. पवित्रा हसली आणि खोबरं कातरायला बसली.

मग दोघी फिरायला लागल्या. एका दुपारी एक गल्ली. दार उघडलं की पवित्रा पुढे व्हायची, हळद लावायची, कुंकू लावायची, पुडी हातात ठेवायची आणि खाली वाकून म्हणायची, "आमच्या घरावर आशीर्वाद असू दे." मागे अक्का उभी असायची, पुड्यांची जड पिशवी सांभाळत. मग बसणं व्हायचं आणि अक्का बोलायची. नवा कायदा काय आहे, पाच महापालिका म्हणजे आपल्याला आता कुठल्या कचेरीत जावं लागेल, वॉर्ड समितीत सामान्य बाईला काय विचारता येतं. ती छान बोलायची, समोरच्या बाईच्या मोरीतल्या नळापासून सुरुवात करायची. निघताना म्हणायची, "आमच्या घरातून बाई उभी राहणार आहे, शब्द द्या." बायका एळ्ळु-बेल्ल तोंडात टाकून शब्द द्यायच्या.

आमच्या घरातून बाई. मी उभी राहणार आहे, असं अक्का एकदाही म्हणाली नाही. त्यांच्या घराण्यात कुणी 'मी' म्हणत नाही. लग्न ठरलं तरी घरात कार्य आहे म्हणतात, घर बांधलं तरी देवाने करवून घेतलं म्हणतात. स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडाने घेणं म्हणजे हलकेपणा, हे अक्काच्या हाडात मुरलं होतं. मत मागायला निघालेल्या बाईने निदान तेवढा तरी हलकेपणा करायला हवा होता. पण तिला वाटलं, लोकांना कळतंच आहे.

फोटोही निघत होते. रघुनंदन ते सगळीकडे पाठवायचा. फोटोत मधोमध पवित्रा, कुंकवाचं बोट पुढे केलेली, प्रसन्न, आणि कडेला अर्धी पिशवी आणि अर्धी अक्का. अक्काने ते पाहिले, आणि पवित्रा फोटोत छान दिसते असं म्हणाली.

रथसप्तमी झाली आणि पक्षाने जवळच्या कल्याण मंटपात, म्हणजे मंगल कार्यालयात, मेळावा घेतला. अक्काने मोतिया रंगाची रेशमी साडी स्वतः इस्त्री केली. भाषण कागदावर लिहून मग कागद फाडून टाकला, कारण वाचून दाखवणारे लोक तिला आवडत नसत. पहिल्या रांगेत तिला जागा ठेवलेली होती, शेजारी पवित्रा. व्यासपीठावरचा पुढारी एकेका वॉर्डाचं नाव घेत होता. त्यांच्या वॉर्डाशी आला आणि म्हणाला, या घराण्याने वॉर्डाची फार सेवा केली आहे, घरोघरी ज्यांच्या हातचं कुंकू पोचलं आहे अशा आपल्या भगिनी...

अक्का उठली. पूर्ण नाही, अर्धीच. हात खुर्चीच्या दांड्यावर, पदर सावरलेला.

"...श्रीमती पवित्रा रघुनंदन."

शेजारची खुर्ची मागे सरकली आणि पवित्रा तिच्यासमोरून व्यासपीठाकडे गेली. अक्का तशीच अर्धवट उभी होती. मग तिने निऱ्या सारख्या केल्या, जणू त्यासाठीच उठली होती, आणि खाली बसली. लोक टाळ्या वाजवत होते. तिनेही वाजवल्या. आयुष्यात तिला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटावी असं तिने काही केलंही नव्हतं.

घरी आल्यावर रघुनंदन तिच्या मजल्यावर आला, या खेपेला हवापाणी नाही. म्हणाला, वहिनी, स्वल्प ऐकून घ्या. पक्षाने चौकशी केली, लोकांना चेहरा पवित्राचा माहीत आहे, मी काय करणार? शिवाय निवडून आल्यावर भूमिपूजनं असतात, मंडपात समई लावायची असते, लोक अजून जुन्या विचारांचे आहेत. जो शब्द त्याला म्हणायचा होता तो त्याने म्हटला नाही. त्याच्या भोवती मात्र व्यवस्थित फिरून आला.

"आणि काम सगळं तुमचंच," तो म्हणाला. "ती काय, नावाला. कचेरीत तुमच्यासाठी खुर्ची टाकतो मी."

अक्काने त्याला जायला सांगितलं. तिला संताप आला होता, पण धक्का बसला म्हणता येणार नाही. रघूला ती त्याच्या लहानपणापासून ओळखत होती. पतंग दुसऱ्याने उडवायचा आणि पेच लागला की याने दोरा हातात घ्यायचा, असा तो मुलगा होता. आयत्या बिळावर नागोबा होण्यात त्याची हयात गेली. तिचा जीव तुटत होता तो पवित्रासाठी. काल-परवापर्यंत आपल्यामागे स्कूटरवर बसणारी पोर, तिला या माणसाने पुढे ढकललं. उद्या हा सांगेल तिथे सही करायची, हा सांगेल ते बोलायचं. व्यासपीठावर ती मनातून किती घाबरली असेल.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की अजून सगळं संपलेलं नाही. उमेदवारी अर्ज भरायला अवकाश होता. पवित्राने स्वतःच नको म्हटलं, तर पक्षाला त्या घरातलं दुसरं नाव घ्यावं लागेल, आणि त्या घरात दुसरी बाई एकच होती. अक्काला त्या विचाराने बरं वाटलं. पवित्राला सोडवायचं आणि आपलं आपल्याकडे घ्यायचं, दोन्ही एका वाक्यात होणार होतं.

सकाळी ती खाली उतरली. दुसऱ्या मजल्यावर हॉलमध्ये दहाबारा बायका आधीच जमल्या होत्या, प्रचाराच्या फेरीची आखणी करायला. श्यामलाही होती. अक्का त्यांना हात करून सरळ स्वयंपाकघरात गेली. पवित्रा कॉफीसाठी दूध तापवत होती. नवी साडी, काठ जरा जास्तच झगझगीत.

अक्काने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात समजावलं. घाबरू नकोस, म्हणाली. रघूने तुला यात ओढलं, मला कळतंय. तू फक्त एकदा नाही म्हण, पुढचं मी बघते. तुला त्रास होऊ देणार नाही.

पवित्राने गॅस बारीक केला. वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. अक्काने ती शोधली, पण नव्हती.

"त्यांनी नाही ओढलं, अक्का," ती म्हणाली. "ते तुमचंच नाव देणार होते. मीच म्हटलं त्यांना, मला उभं राहायचंय."

"कधी म्हटलंस?"

"आरक्षण आलं त्याच संध्याकाळी."

अक्काला हिशेब करायला वेळ लागला. म्हणजे रघू कॉफी प्यायला वर आला त्याच्या आधी. म्हणजे न्हाणीघरातल्या रडण्याच्या आधी. संक्रांतीच्या आधी.

"आणि कुंकू लावायला येते म्हणालीस ते?"

पवित्राने उत्तर द्यायला उशीर केला नाही. त्याबद्दल तिचं कौतुक करावं की काय ते अक्काला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही कळलं नाही.

"तुम्ही करंडा हातात घेणार नाही, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "मला दुसरा रस्ता नव्हता. मी तुमच्यामागे इतकी वर्षं पिशवी धरून उभी होते, अक्का. तिथे उभं राहून सगळं ऐकलं, सगळं शिकले. मला कधी कुणी विचारलं का, की तुला काय व्हायचंय? तुम्हीसुद्धा नाही विचारलंत."

"मला सांगायचंस."

"तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी तुमच्यापुढे बोलले नसते. म्हणून नाही सांगितलं."

दूध वर आलं. पवित्राने ते वेळेवर उतरवलं आणि पेले मांडायला लागली. बोलायचं कसं, नजर खाली न घालता उभं कसं राहायचं, हे तिला अक्कानेच घोटवून घेतलं होतं, आणि ते तिला उत्तम जमलं होतं.

रघूने तोंडचा घास काढून घेतला असता तर अक्काने ते पचवलं असतं. दीर काय, परकाच. पण ही? तिच्या एकाकीपणाची जी जागा कुणाला दाखवायची नसते, ती या पोरीने न सांगता ओळखली होती. अक्काने त्याला माया समजून कपाळाला लावलं होतं. तिने ओळखलं खरं, पण ते बरोबर तिथे वार करायला. तिने ओट्याची कड धरली, मग सोडली, आणि बाहेर आली.

हॉलमध्ये श्यामलाने तिला बघून तोंडभर हसत हात पुढे केला. "अक्का, खूश ना? शेवटी उमेदवारी तुमच्याच घरात आली की."

त्या घराची एक रीत होती. घरातलं भांडण जिना उतरत नाही. पद्मनाभ आणि रघुनंदन दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, तरी शेजारच्यांना पत्ता नव्हता. अक्काने ती रीत तीस वर्षं पाळली होती.

"नाही," ती म्हणाली.

बायका हसायच्या थांबल्या.

"मला उभं राहायचं होतं," अक्का म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मी तुमच्या दारी माझ्यासाठी आले होते. या घरातल्या माणसांनी केसाने माझा गळा कापला. दोघांनीही."

एकीने हातातली पुडी मिटून पर्समध्ये टाकली. एकीने सोफ्यावर सरकून जागा केली आणि जमिनीकडे बघत कन्नडमध्ये म्हणाली, की बसा, कॉफी येतेच आहे. श्यामलाच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं.

"अय्यो अक्का, तेव्हाच सांगायचं ना हो," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं तुम्ही पवित्रासाठीच मागताय. तुम्हीच तिला घेऊन आलात. कुंकू लावून घेतलं, एळ्ळु-बेल्ल तोंडात घालून शब्द दिला. सणाच्या दिवशी दिलेला शब्द आता कसा मागे घ्यायचा?"

तिच्या बोलण्यात कपट नव्हतं. बाकीच्यांनी माना हलवल्या, त्यांतही नव्हतं. सगळ्यांना मनापासून वाईट वाटत होतं, आणि एकही बाई उठत नव्हती. अक्का वाट बघत होती. आपण कशाची वाट बघतोय, हे तिला नीट माहीत होतं म्हणून ती जास्त वेळ थांबली नाही. सरकून केलेली जागा तशीच रिकामी सोडून ती दाराकडे गेली.

दारात चपलांचा ढीग पडला होता. आपल्या शोधायला तिला वेळ लागला. आत हळूहळू कुजबुज सुरू झाली, मग तिचं साधं बोलणं झालं. कुठली गल्ली आधी, कुणाबरोबर कोण. अक्काने एक पाय चपलेत घातला तेवढ्यात मागून श्यामलाचा आवाज आला.

"अक्का!"

अक्का वळली. तोंडातून "हं" निघूनही गेलं.

श्यामला तिच्याकडे बघत नव्हती. पवित्राहून चांगली आठदहा वर्षांनी मोठी असलेली ती बाई स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून विचारत होती, "अक्का, निघायचं किती वाजता?"

"बंदे, आलेच," म्हणत पवित्रा कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आली.